टीपी-लिंक सीपीई ५१० ची जोडी : दोन गच्च्यांमधली लिंक आणि तिचं कुलूप

घर निपाणीच्या पेठेत आणि तंबाखूची वखार गावाबाहेर. बेळगावच्या उद्यमबागेत कारखाना एका गल्लीत, गोडाऊन दुसरीत. चिकोडी-अथणीकडं घर गावात आणि विहीर, मोटर, कॅमेरा मळ्यात. अंतर अर्ध्या किलोमीटरपासून दोनपर्यंत. इंटरनेटचं कनेक्शन एकाच ठिकाणी आहे आणि ते दुसरीकडं न्यायचंय. केबल टाकायची म्हटली की दुसऱ्याच्या बांधावरून जायची विनवणी आली, रस्ता खोदायची परवानगी आली, आणि एवढं सगळं जमलं तरी पहिल्याच नांगरटीला तार तुटणार. मग दोन गच्च्यांवर दोन पांढरे डबे, म्हणजे वायफायनं एकमेकांशी बोलणारे रेडिओ, समोरासमोर लागतात. सहज मिळणारा आणि खिशाला झेपणारा असा एक डबा म्हणजे टीपी-लिंकचा सीपीई ५१०.

हे परीक्षण जोडीचं आहे, आणि त्यातही मुख्यतः एन्क्रिप्शनचं. लिंक जोडून देणारा माणूस मोबाईलवर स्पीड दाखवतो, पैसे घेतो आणि शिडी उचलतो. हवेतून जाणाऱ्या मजकुराला कुलूप लागलंय का, हे ना तो सांगतो, ना कुणी विचारतं.

निकाल आधीच सांगतो. दीड-दोन किलोमीटरपर्यंत, मधे अडथळा नसेल तर, घ्यावा असा माल आहे. वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीचं एईएस कुलूप त्यात व्यवस्थित चालतं आणि त्यामुळं वेग घटत नाही, कारण ते काम रेडिओची चिप स्वतः करते, प्रोसेसरवर भार पडत नाही. फक्त ते कुलूप तुम्हाला लावावं लागतं, आणि चुकीचा खटका दाबला तर लावलेलं कुलूपही नावापुरतंच उरतं.

डबा कसा आहे ते थोडक्यात. ५ गिगाहर्ट्झवर चालतो, अँटेना आतच आहे, १३ डीबीआयची (डीबीआय हे अँटेनाच्या जोराचं माप), आडव्या-उभ्या दोन्ही लहरी पकडणारी. हवेतला वेग ३०० एमबीपीएस लिहिलेला असतो, पण खालचं लॅन पोर्ट १०० चं आहे. म्हणजे हातात ९५ च्या वर कधीच पडणार नाही. ज्याला ३०० चं कनेक्शन पूर्ण पलीकडं न्यायचंय त्यानं इथंच थांबावं आणि गिगाबिट पोर्टवाला डबा बघावा. कॅमेरे, बिलिंगचं सॉफ्टवेअर, टॅली, ऑनलाईन वर्ग यांना ९५ भरपूर झाले.

वीज लॅनच्या तारेतूनच वर जाते, २४ व्होल्टची पॅसिव्ह पीओई. सोबतच्या अडॅप्टरला दोन भोकं असतात: एकावर पीओई, दुसऱ्यावर लॅन. पीओईची तार वरच्या डब्याला, लॅनची राऊटरला. यात उलटापालट झाली तर अडॅप्टर समोर कोण आहे हे न विचारता २४ व्होल्ट सोडतो, कारण पॅसिव्ह म्हणजे तेच. राऊटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट त्यात जाऊ शकतं. भोकांवर रंगीत टेप चिकटवणं हा दोन रुपयांचा विमा आहे. कॅमेऱ्यासाठीचा ४८ व्होल्टचा पीओई स्विच आधीच घरात असेल तर हा डबा त्यावर थेट लावू नका. ती पद्धत वेगळी, ही वेगळी.

आता कुलुपाकडं.

आधी एक गैरसमज. डबे समोरासमोर ताणलेल्या दोरीसारखे बोलतात, मधे कोण येणार, असं वाटतं. या अँटेनाचा झोत आडवा सुमारे ४५ अंशांचा आहे. दोन किलोमीटरवर तो साडेसोळाशे मीटर रुंद होतो. म्हणजे वखारीकडं पाठवलेला सिग्नल वखारीच्या आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर पडतो, आणि वखारीच्या मागंही पुढं जातच राहतो. तसाच आणखी एक डबा घेऊन त्या पट्ट्यात कुठंही बसलेल्या माणसाला तो ऐकू येतो. कुलूप नसेल तर कॅमेऱ्याचं चित्र, कॅमेऱ्याच्या साध्या लॉगिनचा पासवर्ड, प्रिंटरला गेलेलं बिल, सगळं जसंच्या तसं.

दुसरा गैरसमज जुना आहे. घरातले दोन साधे राऊटर डब्ल्यूडीएस (राऊटरला राऊटर हवेतून जोडायची सोय) चालू करून, एकमेकांचे मॅक पत्ते, म्हणजे यंत्रांचे ओळख-क्रमांक, भरून जोडायचे, ही पद्धत अजून काही जण वापरतात. जुन्या राऊटरांत अशा जोडणीला पुष्कळदा वेप हे वायफायचं सगळ्यात जुनं कुलूप तरी लागायचं किंवा काहीच नाही. कारण डब्ल्यूपीएच्या हस्तांदोलनात, म्हणजे जोडणीआधी किल्ली ठरवायच्या बोलण्यात, एक किल्ली देणारा आणि एक घेणारा लागतो. डब्ल्यूडीएसमध्ये दोन्ही बाजू ॲक्सेस पॉईंट, दोघेही देणारे. कोण कुणाचं ऐकणार हे प्रत्येक कंपनीनं आपापल्या परीनं ठरवलं, म्हणून एका कंपनीचा राऊटर दुसऱ्याशी जुळत नाही. वेपचं तर २००१ मध्येच पितळ उघडं पडलं होतं. त्यातला फिरता आकडा फक्त २४ बिटांचा, म्हणजे पावणेदोन कोटींच्या आत संपतो आणि गजबजलेल्या लिंकवर काही तासांत पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. २००७ पर्यंत १०४ बिटांची वेप किल्ली मिनिटभरात काढण्याची पद्धत जाहीर झाली होती. तेव्हा वेप लावलेली लिंक आणि उघडी लिंक यात फरक दाराला कडी नाही आणि दाराला सुतळी बांधलीय, एवढाच.

सीपीई ५१० मध्ये या भानगडीची गरज नाही. एक डबा ॲक्सेस पॉईंट, दुसरा क्लायंट. देणारा-घेणारा ठरलेला, म्हणून डब्ल्यूपीए२ नीट बसतं. त्यावर क्लायंटमधलं डब्ल्यूडीएस चालू करायचं. इथं डब्ल्यूडीएसचा अर्थ एवढाच की हवेतल्या पाकिटावर तीनऐवजी चार पत्ते लिहिले जातात. तीन पत्त्यांत क्लायंटच्या मागं असलेल्या पाच कॅमेऱ्यांची ओळख मावत नाही, सगळे क्लायंटच्याच मॅक पत्त्यानं दिसतात, आणि मग एखाद्या कॅमेऱ्याला आयपी मिळत नाही, एखाद्याला मिळतो आणि तासाभरानं हरवतो. ‘लिंक आहे पण कॅमेरा येत नाही’ या तक्रारीत आधी हाच खटका बघावा.

सेटिंग गच्चीवर करू नका. दोन्ही डबे टेबलावर, खाली बसून, चहा घेत. लॅपटॉपला हातानं १९२.१६८.०.१० द्या, तारेनं पहिला डबा जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.२५४ उघडा. नाव आणि पासवर्ड दोन्ही ॲडमिन. आत गेल्यावर देश विचारतो: इंडिया. जास्त ताकद मिळते म्हणून दुसरा देश निवडायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. देश दोन्हीकडं एक नसेल तर चॅनेलची यादी जुळत नाही आणि क्लायंटला समोरचा दिसतच नाही. भारतात ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात, तेवढ्यात जागा पुष्कळ आहे.

दोन्ही डब्यांचा मूळ पत्ता एकच असतो, म्हणून दुसऱ्याला हात लावायच्या आधी पहिल्याचा बदला. राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर डब्यांना १९२.१६८.१.२५१ आणि २५२ द्या. राऊटरच्याच मालिकेतले पत्ते असले की नंतर खाली बसून दोन्ही उघडता येतात. डब्यांतलं डीएचसीपी बंद. पत्ते वाटायचं काम एकट्या राऊटरचं. दोन वाटणारे झाले की निम्मी यंत्रं भलत्याच पत्त्यावर जाऊन बसतात.

आता सुरक्षेचा रकाना. पर्सनल, म्हणजे पीएसके: दोन्हीकडं एकच ठरवलेला पासवर्ड. व्हर्जनमध्ये डब्ल्यूपीए२, एन्क्रिप्शनमध्ये एईएस. दोन्ही ठिकाणी ‘ऑटो’ हा पर्याय असतो आणि तोच घात करतो. ऑटोवर जुन्या टीकेआयपीला दार उघडं राहतं. टीकेआयपी २००३ च्या सुमारास वेपवर मलमपट्टी म्हणून आलं होतं, २०१२ मध्ये मानकातून निवृत्त झालं. त्याची एक खूण मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: टीकेआयपी किंवा वेप लागलं की ८०२.११ एन या वायफाय मानकाचे वरचे वेग वापरायला मनाई आहे, लिंक ५४ च्या वर चढत नाही. सिग्नल उत्तम, अंतर कमी, तरी दर ५४ लाच अडकलाय असं दिसलं तर अँटेना हलवत बसू नका. सुरक्षेचा रकाना उघडा. एका बाजूला टीकेआयपी आणि दुसरीकडं एईएस असेल तर लिंक दर काही सेकंदांनी जोडल्यासारखी होते आणि सुटते, तोही रोग तिथलाच.

किल्ली. ८ ते ६३ अक्षरं, रोमन लिपीत. यंत्र हा पासवर्ड आणि लिंकचं नाव, म्हणजे एसएसआयडी, एकत्र घेऊन ४०९६ वेळा घुसळतं आणि त्यातून २५६ बिटांची खरी किल्ली काढतं. नाव त्यात मिसळलेलं असतं, म्हणून डब्यावर आलेलं मूळ नाव तसंच ठेवू नये; ठरावीक नावांसाठी आधीच घुसळून ठेवलेल्या याद्या फिरत असतात. नावात दुकानाचं नाव, गल्ली, आडनाव काही घालू नका. कोण आहे ते सांगायची गरज समोरच्या डब्याला नाही.

कमकुवत पासवर्ड म्हणजे नेमका किती कमकुवत, ते मोजता येतं. हल्ला करणारा लिंकचं एक हस्तांदोलन पकडतो आणि घरी जाऊन निवांत अंदाज तपासतो. तुमच्या डब्याला त्याचा पत्ताही लागत नाही. गेमिंगचं साधं ग्राफिक कार्ड सेकंदाला काही लाख अंदाज तपासतं. सेकंदाला चार लाख धरा. या भागातला लाडका पासवर्ड म्हणजे गाडीचा नंबर. केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी. पुढं एक-दोन अक्षरं आणि चार आकडे. एका कोडमागं एकूण ७० लाख शक्यता. अठरा सेकंद. जन्मतारीख आठ आकड्यांत लिहिली, तर आठ आकड्यांच्या सगळ्या दहा कोटी शक्यता चार मिनिटांत संपतात. मोबाईल नंबर, ६ ते ९ नं सुरू होणारे दहा आकडे, ४०० कोटी; पावणेतीन तास. याउलट एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा, मधे दोन आकडे टाका, पंचवीस अक्षरं होतात आणि तो हिशेब कुठल्या कार्डाच्या आवाक्यात राहत नाही. फक्त ते कागदावर आधी लिहा. ‘जांभूळ’ एका गच्चीवर एका स्पेलिंगनं आणि दुसऱ्या गच्चीवर दुसऱ्या स्पेलिंगनं टाकलं, की दुपारभर डबे फिरवण्यात जाते. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल टाळा. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या पासवर्डच्या शेवटी एक रिकामी जागा येते. ती दिसत नाही पण मोजली जाते.

ग्रुप किल्ली (सगळ्यांना एकदम पाठवायच्या पाकिटांची किल्ली) बदलण्याचा काळ ३६०० सेकंद पुरे. ३० वर ठेवला म्हणजे सुरक्षा वाढते असं नाही. कमजोर सिग्नलवर किल्ली बदलताना एखादं पाकीट हरवलं की कॅमेऱ्याचं चित्र थबकतं.

एसएसआयडी लपवणं आणि मॅक पत्त्यांची यादी या दोन गोष्टींना सुरक्षा म्हणू नका. लपवलेलं नाव क्लायंट जोडताना हवेत बोलतोच, आणि मॅक पत्ता प्रत्येक पाकिटावर उघडा असतो, एन्क्रिप्शन असलं तरी. मॅकची यादी लावायला हरकत नाही, त्यामुळं कुणी चुकून मोबाईल जोडणार नाही. पण ते कुंपण आहे. क्लायंटमध्ये ‘लॉक टू एपी’ मात्र जरूर लावा. त्याच नावाचा दुसरा ॲक्सेस पॉईंट शेजारी उभा राहिला तर तुमचा क्लायंट तिकडं बघत नाही.

फर्मवेअर, म्हणजे डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर, हेही याच रांगेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये क्रॅक नावाचा दोष उघड झाला. डब्ल्यूपीए२ च्या हस्तांदोलनात वापरलेली किल्ली पुन्हा बसवायला लावायची अशी ती युक्ती. त्याची दुरुस्ती मुख्यतः क्लायंट बाजूला लागते, म्हणजे लांबच्या गच्चीवरच्या डब्याला, ज्याला कुणी हात लावत नाही. शेल्फवर पडून राहिलेला किंवा सेकंड हँड माल घेतला असेल तर टेबलावर असतानाच दोन्हीकडं ताजं फर्मवेअर घाला. डब्याच्या लेबलवर व्ही१, व्ही२, व्ही३ अशी आवृत्ती असते. एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला चालत नाही. कोल्हापूरहून आणा नाहीतर बेळगावच्या खडे बाजारातून, दोन्ही नग एकाच आवृत्तीचे घ्या, त्रास निम्मा होतो. फर्मवेअर चढवताना तार जोडलेली आणि इन्व्हर्टर चालू पाहिजे. मधेच लाईट गेली की डबा उठत नाही.

टेबलावर चाचणी घेताना दोन सापळे आहेत. दोन्ही डबे हातभर अंतरावर पूर्ण ताकदीनं चालवले तर रिसीव्हर इतका भरून जातो की लिंक लंगडते, आणि माणूस डब्याला दोष देतो. ताकद अगदी खाली आणा, डबे खोलीच्या दोन टोकांना ठेवा, तोंडं वळवा. दुसरा सापळा जास्त वाईट: दोन्ही डब्यांच्या तारा एकाच स्विचला लावल्या आणि हवेतली लिंकही जोडली गेली, तर वर्तुळ पूर्ण होतं. तीच पाकिटं गोल फिरायला लागतात, स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकतात आणि ऑफिसचं नेट बसतं. चाचणीला क्लायंटच्या मागं फक्त लॅपटॉप ठेवा.

व्यवस्थापनाचं पान एचटीटीपीएसवर घ्या, ॲडमिनचा पासवर्ड लिंकच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. आणि एक हद्द ओळखा: हे एन्क्रिप्शन फक्त दोन डब्यांमधल्या हवेपुरतं आहे. तारेत उतरलं की मजकूर उघडा. वखारीतल्या स्विचला कुणीही तार लावू शकत असेल तर हवेतलं कुलूप काय करणार? बँकेचे व्यवहार ब्राउझरचं स्वतःचं कुलूप घेऊन जातात, त्याची चिंता नाही. पण फायली शेअर करणारा जुना संगणक किंवा साधा कॅमेरा असेल तर दोन्ही टोकांच्या राऊटरांत वायरगार्डचा बोगदा टाकणं योग्य, म्हणजे मजकूर एका राऊटरपासून दुसऱ्यापर्यंत कुलूपबंदच जातो. ते या डब्याचं काम नव्हे, राऊटरचं.

आता गच्चीवर. चॅनेल १४९ ते १६५ मधला धरा. मधल्या पट्ट्यातल्या ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारचा मान आधी. डब्याला रडारचा भास झाला तरी तो चॅनेल सोडतो आणि लिंक काही काळ जाते. सांबऱ्याच्या विमानतळाच्या बाजूला राहा नाहीतर लांब, हे डोकेदुखीचं काम का ओढवून घ्यायचं? रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० वर वेग जास्त दिसतो, पण खाली पोर्ट १०० चंच आहे, आणि २० वर गोंगाट निम्मा होतो, म्हणजे ३ डीबीचा (डेसिबलचा) फायदा फुकट.

दोन किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर हवेतली घट सुमारे ११४ डीबी. ताकद २३ डीबीएम धरली (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर), दोन्हीकडच्या अँटेनाचे १३-१३ मिळवले, तर पलीकडं उणे ६५ डीबीएम यायला हवेत. उणे ५० ते ६५ छान, उणे ७५ च्या खाली गेलं तर पावसाळ्यात रडणार. हिशेबापेक्षा दहा-बारा डीबी कमी येत असेल तर मधे काहीतरी आहे, डबा खराब नाही. पानावर आडवं आणि उभं असे दोन आकडे दिसतात. त्यांत पाचपेक्षा जास्त फरक असेल तर पाईप तिरका आहे किंवा एखादी पत्र्याची कड आड येतेय. अंतराच्या रकान्यात खऱ्यापेक्षा थोडं जास्त लिहा. कमी लिहिलं तर पोचपावती यायच्या आधीच डबा तेच पाकीट पुन्हा पाठवतो.

मधे काय येतं, यात हा भाग आपली करामत दाखवतो. समोरचा डबा डोळ्यांना दिसला म्हणजे झालं नाही. दोन किलोमीटरच्या लिंकला मध्यावर झोताभोवती तीन मीटर तरी मोकळी जागा लागते, एक किलोमीटरला सव्वादोन. अथणी, रायबाग, चिकोडीत मधे ऊस असतो. मार्चमध्ये तोड झाल्यावर लावलेली लिंक झकास चालते, सप्टेंबरात तोच ऊस तीन-चार मीटर झालेला असतो आणि पानं ओली. म्हणून झोत मध्यावर जमिनीपासून सहा-सात मीटरवरून गेला पाहिजे; मोटरच्या खोलीवर दीड मीटरचा पाईप ठोकून भागत नाही. खानापूर, जांबोटी बाजूला उलटं: सागवान उन्हाळ्यात बोडका असतो, एप्रिलमध्ये त्यातून आरपार दिसतं, आणि पावसाळ्यात ताटाएवढी पानं फुटली की सिग्नल वीस डीबीनं कोसळतो. पाऊस स्वतः ५ गिगाहर्ट्झचं फार बिघडवत नाही. बिघडवतं ते ओलं पान आणि केबलच्या टोकाच्या आरजे-४५ जोडात शिरलेलं पाणी. तार डब्यात खालून जाते, तिला डब्याच्या आधी एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथंच ठिबकतं. घरातली राखाडी केबल उन्हात दोन वर्षांत तडकते. बाहेरची काळी, तांब्याची, शिल्ड असलेली वापरा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण चाळीस-पन्नास मीटरवर व्होल्टेज खाते आणि लिंक नेमकी जास्त लोड आला की रीस्टार्ट होते. याचं खापर लोक एन्क्रिप्शनवर फोडतात.

एप्रिल-मेच्या वळवाच्या विजेला डब्याच्या ६ केव्हीच्या संरक्षणावर सोडू नका. अर्थिंगचा स्क्रू आहे, त्याला तार जोडा. खड्ड्यातल्या खऱ्या अर्थिंगला, नळाच्या पाईपला नव्हे. तरीही अडॅप्टर जातातच. एक जादा आणून ठेवा.

कामगार किंवा ऑपरेटर सोडून गेला की किल्ली बदला. क्रम महत्त्वाचा: आधी लांबचा क्लायंट, मग जवळचा ॲक्सेस पॉईंट. क्लायंटला नवी किल्ली दिली की लिंक तुटते, घाबरू नका. जवळच्याला तीच दिली की तो परत येतो. उलट केलंत तर जवळच्यानं दार बंद केलेलं असतं, लांबच्याकडं जुनी किल्ली असते, आणि तुम्हाला मळ्यातल्या शिडीवर चढावं लागतं. पिंग वॉचडॉग (समोरून उत्तर आलं नाही की डबा रीस्टार्ट करणारी सोय) लावला असेल तर त्याआधी बंद करा, नाहीतर मधेच डबा स्वतःला रीस्टार्ट करतो.

टीपी-लिंकचं मॅक्सट्रीम दोघांच्या लिंकला लागत नाही; एका ॲक्सेस पॉईंटला पाच-सहा क्लायंट असतील तेव्हा ते प्रत्येकाला वेळ वाटून देतं, पण मग सगळे डबे त्याच घराण्यातले लागतात.

याच कामासाठी मायक्रोटिक या कंपनीचा डबा घेणाऱ्यांसाठी एक इशारा. त्यात एनव्ही२ नावाची स्वतःची पद्धत आहे, वेगाला चांगली. पण एनव्ही२ निवडल्यावर सिक्युरिटी प्रोफाईलमध्ये भरलेला डब्ल्यूपीए२ पासवर्ड लागूच होत नाही. एनव्ही२ ची सुरक्षा वेगळ्या टॅबमध्ये चालू करून वेगळी किल्ली द्यावी लागते. ते राहिलं तर पासवर्ड भरलेला दिसतो, लिंक चालते, आणि हवेत सगळं उघडं असतं. म्हणून कुठल्याही कंपनीचा डबा असो, शिडी उचलायच्या आधी क्लायंटमध्ये मुद्दाम एक अक्षर चुकीचं टाकून बघा. लिंक तुटली पाहिजे. नाही तुटली, तर जोडणाऱ्याला परत वर पाठवा.